पहिली फुंक

उस्तादांच्या आयुष्यात जे काही बिघडायचं, ते भट्टीमुळे बिघडायचं. डोळे चुरचुरले, भट्टी. केस गळाले, भट्टी. बायको होती तोवर तिच्याशी वाजलं की "दिवसभर भट्टीपुढे उभी राहून दाखव, मग बोल," एवढं एक वाक्य टाकून ते घराबाहेर पडायचे. बिचारी गेली, तीही बहुधा ते वाक्य ऐकून ऐकूनच.

त्यामुळे मागे कधीतरी खालच्या ओठावर एक गोल, टणक फोड आला आणि तो काही केल्या दुखेना, तेव्हा उस्तादांना काळजी वाटायच्या ऐवजी अभिमान वाटला. इतकी वर्षं नळी फुंकून ओठ कसा तयार झालाय बघा, भाजलं तरी ढिम्म! कारखान्यात दोघातिघांना त्यांनी तो फोड ओठ मुडपून कौतुकाने दाखवलाही. फोड आपोआप गेला. पुढे तळहातांवर तांबूस ठिपके उठले, मग तळपायांवर उठले. तेही त्यांनी भट्टीच्याच माथी मारलं. आता तळपाय भट्टीपाशी कधी गेले होते, हे विचारायला घरात बायको उरली नव्हती.

कारखाना काचेचा. मोठमोठ्या सभागृहांत आणि रस्त्यांवर दिव्यांना जे काचेचे गोल लावतात, ते तिथे तोंडाने फुंकून बनायचे. एवढा मोठा गोल एका माणसाच्या दमाचं काम नाही. उस्ताद लांब लोखंडी नळी भट्टीत घालायचे, वितळलेल्या काचेचा गोळा टोकाला गुंडाळून काढायचे आणि नळीला तोंड लावून पहिली फुंक मारायचे. काचेच्या पोटात बुडबुडा धरला की नळी जावयाच्या हातात. जावई दमदार फुंकेने तो फुगवायचा आणि नळी लांब्याकडे द्यायचा. लांब्या हा तिसरा कारागीर, उंचीला ताडमाड आणि डोक्याने साधा. तो चौथऱ्यावर उभा राहून काच खालच्या साच्यात सोडायचा आणि शेवटची फुंक मारायचा. तीन तोंडं आणि एक नळी, आणि काच थंड व्हायच्या आत सगळं उरकायचं, त्यामुळे पहिल्याची थुंकी वाळायच्या आधी दुसऱ्याचे ओठ तिथे टेकलेले.

मालकांनी मागे प्रत्येकाला नळीवर चढवायच्या वेगवेगळ्या रबरी तोट्या आणून दिल्या होत्या. उस्तादांनी त्या खोक्यासकट माळ्यावर भिरकावल्या. "काचेला माणसाचं तोंड कळतं, रबर कळत नाही," असं ते म्हणाले, आणि उस्ताद म्हणाले म्हणजे कारखान्यात विषय संपला.

जावई आधी त्यांचा शागीर्द होता, मग जावई झाला, आणि त्या दोघांत कसं बोलायचं याचा घोळ तेव्हापासून होता. घरी उस्ताद त्याला "जावईबापू, तुम्ही जेवलात का?" असं विचारायचे आणि कारखान्यात पाय ठेवला की "अरे गाढवा, नळी फिरव!" जावईही घरी त्यांना बाबा म्हणायचा आणि कारखान्यात उस्ताद. लेक-जावई उस्तादांच्याच घरात वरच्या खोलीत राहायचे. लेक पोटुशी होती. एकुलती एक लेक, आणि बापाचा सगळा जीव तिच्यात. बाकी कुणासमोर उस्तादांनी कधी मान तुकवली नाही, पण लेकीने नुसती भुवई उचलली तरी ते चहाचा कप स्वतः विसळायचे.

एवढं सगळं सांगितलं, आता बटणवालीचंही सांगून टाकू. बाजारात बटणं, दोरे, लेस आणि चेन विकणारं एक अरुंद दुकान होतं. नवरा गेल्यावर बाईने ते एकटीने चालवलं होतं. दुकानाच्या मागे हिरवा पडदा, पडद्यामागे खोली. वर्षभरात उस्तादांच्या शर्टांची बटणं इतक्या वेळा तुटली, की एकदा लेकीने विचारलं, "बाबा, तुम्ही शर्ट घालता की त्याच्याशी कुस्ती खेळता?" उस्ताद म्हणाले, भट्टीच्या धगीने दोरा कुजतो.

तर एके दिवशी लेक दवाखान्यातून आली ती सरळ बापापुढे येऊन उभी राहिली. पोटुशा बायकांचं सगळ्यांचंच रक्त तपासतात, तसं तिचंही तपासलं होतं.

"बाबा, मला सिफिलिस झालाय."

उस्तादांना तो शब्द कळला नाही असं नाही. त्यांच्या तरुणपणी लोक त्याला गरमी म्हणायचे आणि म्हणताना आवाज खाली यायचा. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"बाळ?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"सुई दिलीय मला. वेळेत कळलं म्हणाल्या सिस्टर, बाळाला बहुतेक काही होणार नाही. आणि त्यालाही तपासलं. त्यालाही निघालाय." 'त्याला' म्हणताना तिने जिन्याकडे हात केला. जिन्यात जावई उभा होता, पडलेल्या चेहऱ्याने. "मी लग्नाआधीसुद्धा कुणाचा हात धरला नाही. मग हे माझ्यापर्यंत आलं कुठून, ते तुम्हीच विचारा त्याला."

"शपथ घेतो," जावई म्हणाला, "मी कुठेही गेलेलो नाही."

मग उस्तादांनी जे केलं, ते गल्लीतल्या लोकांनी पुढे बरेच दिवस एकमेकांना सांगितलं. त्यांनी जावईबापूंना भर घरात 'अरे गाढवा' म्हटलं, वर जाऊन त्याची बॅग भरली आणि जिन्यावरून खाली सोडून दिली. बॅग उघडली, कपडे पायऱ्यांवर पसरले आणि जावई एकेक गोळा करत खाली उतरला. "माझ्या लेकीच्या आयुष्याची माती केलीस!" उस्ताद वरून ओरडत होते. "बाईच्या नादाला लागलास! लाज नाही वाटली?" खरं सांगायचं तर त्या संतापात थोडी मजाही होती. अलीकडे मालक येता जाता जावयाच्या फुंकेची तारीफ करायला लागले होते, आणि ते उस्तादांच्या पोटात कुठेतरी सलत होतं.

जावई कारखान्यात राहायला गेला. गोलांची खोकी भरायच्या शेडमध्ये गवतावर झोपायचा. काम मात्र तिघांचं तसंच चालू राहिलं. उस्ताद पहिली फुंक मारायचे आणि जावयाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातात नळी द्यायचे.

मग एक दिवस कारखान्यात सिस्टर आल्या. जाड चष्मा, खांद्याला पिशवी, आणि बोलणं असं सडेतोड की समोरच्याला आधी धक्का बसायचा आणि उत्तर नंतर सुचायचं. जावयाने त्यांच्यापुढेही शपथा घेतल्या होत्या. सिस्टरांनी अशा शपथा पोत्याने ऐकलेल्या, पण त्याच्या ओठावर भरत आलेला फोड पाहून त्यांनी विचारलं होतं, तुम्ही काम काय करता? उत्तर ऐकल्यावर त्यांना ते काम डोळ्यांनी बघायचं होतं. त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. नळी उस्तादांच्या तोंडातून जावयाच्या, जावयाच्या तोंडातून लांब्याच्या तोंडात गेली. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"हे असं दिवसभर चालतं?"

"बापजाद्यांपासून," उस्ताद छाती काढून म्हणाले.

"धन्य आहे."

त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "हा आजार बहुतेक वेळा अंथरुणात लागतो," त्यांनी सुरुवात केली, आणि लांब्या कानापर्यंत लाल झाला. "ताटातून, टॉवेलातून, संडासाच्या बैठकीवरून लागत नाही, तेव्हा त्या सबबी मला सांगू नका, खूप ऐकल्यात. पण ओठावर किंवा तोंडात फोड असेल, आणि ओली नळी त्याच क्षणी दुसऱ्याच्या तोंडात जात असेल, तर लागू शकतो. फोड गोल असतो, टणक असतो आणि दुखत नाही. म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. तो आपोआप जातो, माणसाला वाटतं सुटलो. सुटत नाही. नंतर अंगावर पुरळ येतं, आणि ते तळहातांवर आणि तळपायांवरही येतं. तेही जातं. आजार मात्र आत राहतो आणि पुढे डोक्यापर्यंत, काळजापर्यंत जाऊ शकतो. आणि औषध काय, तर पेनिसिलिनच्या सुया. कुल्ल्यावर. दुखतात, पण माणूस बरा होतो."

उस्तादांनी हात खिशात घातले. भट्टीपुढे उभं राहूनही त्यांचे पाय गार पडले. फोड. तळहात. तळपाय. हिरवा पडदा. सगळं एका दमात त्यांच्यापुढे येऊन उभं राहिलं आणि भट्टीच्या माथी मारायला काही शिल्लक उरलं नाही.

"सगळ्यांचं रक्त घेणार आहे," सिस्टर म्हणाल्या. "उस्ताद, तुमच्यापासून सुरुवात करू?"

"माझं?" उस्तादांचा आवाज चिरकला. "अहो बाई, माझी बायको जाऊन किती काळ लोटला! या वयात माझं रक्त कशाला? मला कामं आहेत." आणि ते तिथून निघूनच गेले. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उस्तादांच्या चारित्र्यावर सगळ्यांचा विश्वास होता, फक्त आता उस्तादांचा स्वतःचा राहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात लांब्याच्या रक्तातही निघालं. आता लांब्याची गंमत अशी, की पन्नाशी गाठेपर्यंत तो बाईमाणसाशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य 'जरा सरकता का' एवढंच होतं. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. लांब्या दुसऱ्या दिवशी भांग पाडून कामाला आला. भट्टीवरची पोरं त्याच्याकडे बघून डोळे मिचकावायला लागली. "काय लांब्या, छुपा रुस्तम निघालास!" लांब्या नुसता हसायचा, आणि हसता हसता मान अशी काही हलवायचा, की जणू आता काय काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्याबद्दल काहीतरी भलतंसलतं बोलत होते आणि त्याला ते फार आवडलं होतं.

सिस्टरांनी त्याला बाजूला घेतलं. "बाईचं नाव सांगा. तिला माहीतही नसेल. तिला सुई मिळायला हवी."

"मी तिची बदनामी होऊ देणार नाही," लांब्या म्हणाला.

"ती असली तर बदनामी होईल ना," सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

उस्तादांना मात्र बुडत्याला दोर मिळाल्यासारखं झालं. त्यांनी लांब्याला कोपऱ्यात गाठलं. तुझ्यापासून नळीला लागलं असेल, नळीतून जावयाला लागलं असेल, तू घरी येऊन एवढं माझ्या लेकीला सांग, तिचा संसार वाचेल, तुझं पुण्य. लांब्याला पुण्याचं एवढं नव्हतं, पण आणखी एका माणसाला सांगायला मिळतंय म्हटल्यावर तो लगेच तयार झाला.

लेक बाळाची झबली घडी करत होती. लांब्या दारात उभा राहून पाठ केलेलं सगळं बोलला. लेकीने एक झबलं बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"कशी होती ती बाई?"

लांब्याने छताकडे पाहिलं. मग उस्तादांकडे पाहिलं. "बाईसारखी," तो म्हणाला.

"नाव काय?"

"तिने सांगितलं नाही."

"दिसायला गोरी, काळी, उंच, ठेंगणी?"

लांब्याच्या कपाळावर घाम आला. "अंधार होता, ताई," तो म्हणाला आणि चपला न घालताच पळाला. चपला नंतर उस्तादांनी कारखान्यात नेऊन दिल्या.

"बाबा, मी एवढी मूर्ख नाही," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे उस्ताद जास्तच घाबरले. "नळीतून लागतं, हे सिस्टरनी मला सांगितलंय. मान्य. पण नळीवर कुणीतरी आधी आणलं असेल ना? तुम्ही सोडून उरतात दोघं. लांब्यादादाला तर बाईशी नीट बोलताही येत नाही. मग उरला कोण?"

तुम्ही सोडून. हे दोन शब्द तिने इतक्या सहज म्हटले, की उस्तादांनी घडी केलेलं एक झबलं उगाच परत उलगडलं. त्यांना तिथल्या तिथे सांगून टाकावंसं वाटलं आणि त्यांनी सांगितलं नाही. लेक पुढे म्हणाली, की ती आत्याकडे जाणार, बाळंतपण तिकडेच करणार, आणि परत या घरात त्याच्यासोबत राहणार नाही. बाळ बापाला ओळखणारही नाही. उस्ताद म्हणाले, "बघू." ती म्हणाली, "बघून झालंय."

आता माणूस किती भित्रा असू शकतो हे बघा. उस्ताद रोज सकाळी आज सांगायचं असं ठरवून उठायचे, आणि रोज रात्री उद्या सांगू म्हणून झोपायचे. मध्येच ते सिस्टरच्या दवाखान्यावरून दोन चकरा मारून आले. आत गेले नाहीत. बटणवालीच्या दुकानासमोरून मान खाली घालून गेले. तिने आतून हाक मारली, तर ऐकू न आल्यासारखं केलं. एकदा त्यांनी पडद्यामागच्या त्या खोलीची मनातल्या मनात फरशी धुतली, भिंती रंगवल्या, आणि तिथे आपण कधी गेलोच नव्हतो असं स्वतःला पटवायचा प्रयत्न केला. पटलं नाही.

अशात एका दुपारी शेडमध्ये जावई त्यांच्यापाशी आला. गालफडं बसली होती, शर्टाला गवत चिकटलेलं.

"बाबा," तो म्हणाला. कारखान्यात त्याने त्यांना बाबा म्हटलं नव्हतं कधी. "मी एक ठरवलंय. मी कबूल करतो."

"काय कबूल करतो?"

"की बाई होती. खरं सांगून तिला पटत नाही. खोटं कबूल केलं, पाय धरले, तर निदान माफ तरी करेल. जे केलंच नाही, त्याची माफी कशी मागायची? म्हणून केलं असं सांगतो." तो गवतावर बसला. "पण मला काही सुचत नाही. लांब्यासारखी फजिती व्हायला नको. तुम्ही जुने, जग पाहिलेले. कसली बाई सांगू?"

उस्तादांनी त्याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी उघडलंही, पण त्यातून निघालं भलतंच. "वयाने मोठी सांग," ते म्हणाले. "विधवा. एकटी. म्हणजे तू फूस लावलीस असं होत नाही. दुकानाच्या मागे खोली आहे म्हण. मध्ये हिरवा पडदा. एक मांजर खोक्यात झोपतं, तुम्ही आत गेलात की ते उठून बाहेर जातं. ती आधी चहा टाकते. मग तुझ्या शर्टाचं बटण बघते, आणि म्हणते, हे पण तोडून आणलंत का?" बोलता बोलता उस्तादांचा चेहरा जरा मऊ झाला होता.

जावई तोंडाचा आ वासून ऐकत होता. "बाबा, तुम्हाला हे एवढं सुचतं कसं?"

"भट्टीपुढे उभं राहून माणसाला काय काय सुचतं," उस्ताद म्हणाले, आणि आपण किती नीच आहोत हे त्यांना नीट कळलं. तरीही ते त्याला संध्याकाळी घरी घेऊन गेले.

लेक स्वयंपाकघरात होती. आत्याकडे जायची पेटी भरून दाराशी ठेवलेली. जावई तिच्यापुढे उभा राहिला, मान खाली, आणि त्याने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. विधवा बाई, दुकान, खोली, हिरवा पडदा, खोक्यातलं मांजर. लेकीने हातातला चमचा ओट्यावर ठेवला.

"बटणवाली?" ती म्हणाली. "मी जिच्याकडून लेस आणते, ती? तिचं ते मांजर? अरे, ती तुझ्या आईच्या वयाची आहे!"

जावयाने चमकून मान वर केली. अशी बाई खरोखरच आहे, हे त्याला या क्षणाला कळत होतं. त्याने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांचे हात खिशात होते. मग त्याने त्यांच्या शर्टाकडे पाहिलं, छातीवरच्या नव्या कोऱ्या बटणांकडे पाहिलं, आणि त्याला सगळं उमगलं. उस्तादांना वाटलं, आता हा बोलणार. बोल रे, मोकळं कर मला एकदाचं, असंही त्यांना वाटलं.

जावई परत बायकोकडे वळला. "हो," तो म्हणाला. "तीच. चुकलं माझं."

लेकीने पदर खोचला. "थांब, आधी तिला बाजारात उभी करते. चार लोकांत विचारते, पोटुशा बाईचा संसार जाळताना तुला काय वाटलं म्हणून." ती दाराकडे निघाली, आणि उस्ताद दारात आडवे झाले.

"बाजूला व्हा, बाबा."

"तिला काही बोलू नकोस," उस्ताद म्हणाले. "ती याची कुणी नाही. याने तिला आयुष्यात पाहिलंही नसेल. माझी आहे ती. म्हणजे मी जातो तिकडे."

लेकीने खोचलेला पदर सोडला.

"बटणं मीच तोडायचो," उस्ताद म्हणाले. त्यांनी खिशातून हात काढले आणि दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. डाग फिके पडले होते, पण होते. "हे भट्टीचं नाही. ओठावर फोड मला आला होता, सगळ्यात आधी. पहिली फुंक माझी असते. तोट्या मीच माळ्यावर टाकल्या. याला माझ्यामुळे लागलं, लांब्याला माझ्यामुळे लागलं, आणि याच्यामुळे तुला. या पोराने काही केलेलं नाही. आत्तासुद्धा तो माझ्यासाठीच खोटं बोलला."

लेक एकदा नवऱ्याकडे पाहत होती आणि एकदा बापाकडे.

"याची बॅग जिन्यावरून फेकलीत," ती म्हणाली.

"फेकली."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"तेव्हा नव्हतं. आईशप्पथ नव्हतं."

"आणि नंतर?"

उस्तादांना खोटं बोलता आलं असतं. सवय होती. "नंतर होतं," ते म्हणाले.

लेकीने दाराशी ठेवलेली पेटी उचलली. जावई घाईने पुढे झाला, कारण तिने जड उचलायचं नव्हतं. तिने पेटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "वर नेऊन ठेव." मग तीही त्याच्यामागून जिना चढली. वरून तिच्या रडण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ जावयाचाही आला. उस्ताद खाली उभे होते. त्यांना वर जाता येत नव्हतं आणि बाहेरही जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ओट्यावरचे कप विसळले. सगळे कप स्वच्छच होते.

दुसऱ्या दिवशी ते बटणवालीकडे गेले आणि पडद्यामागे न जाता गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, दुकानाची फळी लावली आणि म्हणाली, "चला." वाटेत उस्तादांना राहवलं नाही. "मी तर तुझ्याशिवाय कुणाकडे गेलो नाही," ते कुजबुजले. "मग तुला हे कुठून..."

बटणवालीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं सुटी बटणं मोजून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायची. "तुम्हाला काय वाटलं उस्ताद, या गावात शर्ट फक्त तुमचेच फाटतात?"

दवाखान्यात तिने सिस्टरच्या कानात कुणाचं तरी नाव सांगितलं. सिस्टर "अरे देवा" म्हणाल्या आणि लगेच निरोप धाडला. ते नाव कुणाचं, हे उस्तादांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर गावात दिसणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या शर्टाची बटणं बघायची त्यांना खोड लागली. रक्त दिलं, सुया घेतल्या. पहिली सुई त्यांनी दातावर दात दाबून सोसली आणि रात्री थंडी वाजून ताप भरला. पहिल्या सुईनंतर असं होतं कधीकधी, सिस्टरनी आधीच सांगितलं होतं. घरात कुणी विचारपूस केली नाही. लेक त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवायची आणि वर निघून जायची. त्यांच्याशी तिने बोलणंच टाकलं होतं.

पुढच्या आठवड्यात सगळे एकाच वेळी दवाखान्यात आले. जावयाची ती शेवटची सुई होती, उस्तादांची आणि बटणवालीची दुसरी. लांब्याचीही होती, पण लांब्याचा तोरा उतरला होता. खरी गोष्ट कारखान्यात फुटल्यापासून पोरांनी त्याच्याकडे डोळे मिचकावणं सोडून दिलं होतं, आणि तो उस्तादांकडे अशा नजरेने बघायचा, जसं त्यांनी त्याची बाईच पळवली आहे.

सिस्टरनी एकेकाला पडद्याआड बोलावलं. एकेक जण आत ताठ गेला आणि बाहेर वाकडा आला. बाहेर बसायला एकच लाकडी बाक होता, टणक. लांब्या एका कुल्ल्यावर तोल सांभाळून टेकला. बटणवाली आपली पिशवी अंगाखाली घेऊन बसली. लेक सोबत आली होती. तिने घरून उशी आणली होती, ती बाकावर थोपटून ठेवली आणि नवऱ्याला हाताला धरून हळूच तीवर बसवलं.

शेवटी उस्ताद लंगडत बाहेर आले. बाकावर थोडी जागा होती. ते तिकडे निघाले, तेवढ्यात लेकीने वर पाहिलं.

"तुम्ही उभेच राहा, बाबा," ती म्हणाली.

उस्ताद उभे राहिले. सुई मारलेल्या जागी ठणका लागला होता, पाय भरून आला होता, समोर बटणवाली पदरात तोंड घालून हसत होती. पण लेक त्यांना बाबा म्हणाली होती. तेवढ्यावर ते संध्याकाळपर्यंत तिथे उभे राहिले असते.